वाचन अस्खलित, अर्थ मात्र निसटतो : तिसरीतल्या एका मुलीचा प्रकरण अभ्यास

ही मुलगी माझ्याकडे आली ती पोटदुखीमुळे. गणिताच्या तासाआधी आणि गटकार्य असेल त्या दिवशी तिचं पोट हमखास दुखायचं. डॉक्टरांनी तपासून "काही नाही" म्हणून सांगितलं होतं. वर्गशिक्षिकेच्या नोंदीत तिच्याविषयी बहुतेक कौतुकच होतं: अक्षर सुरेख, शुद्धलेखन चोख, स्वभाव शांत, प्रकट वाचनात वर्गातल्या पहिल्या चार-पाच मुलांत. शेवटी फक्त एक ओळ होती, "सांगितलेलं ऐकत नाही, मनाचं करते."

विशेष शिक्षिका म्हणून माझ्याकडे पाठवली जाणारी बहुतेक मुलं वाचता येत नाही म्हणून येतात, नाहीतर एका जागी बसत नाहीत म्हणून. ही दोन्हींत बसत नव्हती. असं मूल कुणाच्या नजरेत येत नाही आणि मदतीविना वर्षानुवर्षं पुढच्या वर्गात ढकललं जातं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडते आहे. ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

"ऐकत नाही" या शेऱ्यामागची घटना अशी. मधल्या सुट्टीआधी बाईंनी वर्गाला सांगितलं, "वह्या जमा केल्याशिवाय कोणीही खाली जायचं नाही." ही मुलगी वही बाकावर ठेवून सरळ खाली गेली. बाईंनी बोलावून विचारलं, "मी काय सांगितलं होतं?" ती म्हणाली, "खाली जायचं." बाईंना तो उर्मटपणा वाटला, आणि तसं वाटणं साहजिक होतं. पण त्या वाक्यात "केल्याशिवाय" आणि "नाही" यांची गाठ आहे. ती सोडवता आली तरच सूचना कळते. हिच्या हाती लागले होते ते सुटे शब्द: वह्या, खाली, जायचं.

वर्गात काय दिसलं

मी वर्गात मागे बसून निरीक्षण केलं. वहीत तीन रकाने आखले होते: बाई काय म्हणाल्या, मुलीने काय केलं आणि त्या वेळी तिची नजर कुठे होती. तिसऱ्या रकान्याने सगळं उलगडलं. बाईंची सूचना संपली की तिची नजर बाईंकडे नसायची, फळ्याकडेही नसायची. ती शेजारणीच्या हातांकडे बघायची. शेजारणीने निळी वही काढली की ही निळी वही काढणार, तिने पट्टी घेतली की ही पट्टी घेणार. अंतर जेमतेम एका श्वासाचं, त्यामुळे बाईंना ते कधी जाणवलंच नाही. शेजारीण गैरहजर असली की त्या दिवशी हिचं काहीच जमायचं नाही. तोच दिवस मग बाईंच्या लक्षात राहायचा आणि "आज मनाचं करत होती" असा शेरा पडायचा. पोटदुखीचंही कारण इथेच होतं. गटकार्यात बाक बदलतात आणि तो आधार सुटतो.

वह्या चाळल्या तेव्हा दुसरी युक्ती सापडली. धड्याखालच्या प्रश्नांची उत्तरं जवळपास सगळी बरोबर होती आणि शब्दन् शब्द पुस्तकातली होती. मी तिला एक छोटा उतारा दिला. त्यात वाक्य होतं, "पाऊस थांबल्यावर मुंग्या वारुळाबाहेर आल्या." विचारलं, मुंग्या वारुळाबाहेर केव्हा आल्या? तिने बोट फिरवत "मुंग्या" शब्द शोधला आणि ते वाक्य जसंच्या तसं उतरवून काढलं. उत्तर बरोबर. मग विचारलं, पाऊस पडत असताना मुंग्या कुठे होत्या? तिने पुन्हा तेच वाक्य लिहिलं, तितक्याच नेटक्या अक्षरात, आणि माझ्याकडे बघून हसली. पहिली-दुसरीत अशा उत्तरांना पैकीच्या पैकी गुण मिळतात. तिसरीपासून "का", "कशावरून", "तुला काय वाटते" असे प्रश्न वाढतात आणि ही युक्ती उघडी पडू लागते.

आपल्या लिपीचाही यात वाटा आहे. देवनागरीत अक्षर आणि उच्चार यांची जोडी बरीच पक्की असते. बाराखडी आणि जोडाक्षरं हाताखालून गेली की मूल न कळलेला मजकूरही घडाघडा वाचू शकतं. १९८६ साली गॉफ आणि टनमर या संशोधकांनी वाचनाचं साधं सूत्र मांडलं: वाचलेलं समजणं म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले बोललेली भाषा समजण्याची क्षमता. यात बेरीज नाही, गुणाकार आहे. त्यामुळे एक बाजू कितीही भक्कम असली तरी दुसरी दुबळी असेल तर हाती फारसं काही येत नाही. आपल्या शाळांमध्ये वाचनाची परीक्षा बहुधा मोठ्याने वाचून घेतली जाते. तीत फक्त पहिली बाजू दिसते.

नेमकं अडतं कुठे

सगळ्यात आधी कान तपासून घेतले. लहान मुलांमध्ये कानाच्या पडद्यामागे पाणी साठून ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं आणि वर्गात ते हुबेहूब दुर्लक्षासारखं दिसतं. श्रवणचाचणी व्यवस्थित आली. नजरही ठीक होती. घरची भाषा आणि शाळेची भाषा एकच होती, त्यामुळे भाषा नवी असल्याचा प्रश्न नव्हता. (ज्या मुलांच्या घरी वेगळी भाषा असते त्यांची तपासणी घरच्या भाषेतही व्हायलाच हवी. अडचण दोन्ही भाषांत दिसली तरच ती भाषेच्या क्षमतेची अडचण. एरवी ते मूल फक्त नवी भाषा शिकत असतं.)

मग स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. प्रमाणित चाचण्या मोजक्या भाषांतच उपलब्ध आहेत. म्हणून थेरपिस्टनी एका आकड्यावर विसंबण्याऐवजी वेगवेगळ्या कामांतून तिची भाषा पाहिली. अर्थ नसलेले बनावट शब्द ऐकून तसेच म्हणायचे, असं एक काम होतं. "टमू", "गिलपा" तिने नीट म्हटले. "टमुलकीदा"ला मात्र "टकी" एवढंच उरलं. ऐकलेले ध्वनी क्षणभर मनात धरून ठेवता आले नाहीत तर नवा शब्द पक्का होत नाही. चित्रांतून निवड करायचं दुसरं काम होतं. "मुलाने मुलीला ढकललं" हे ऐकून तिने योग्य चित्र दाखवलं. "मुलीला मुलाने ढकललं" म्हटल्यावर मात्र ढकलणारी मुलगी असलेलं चित्र दाखवलं. जो शब्द आधी आला तो करणारा, असा तिचा सरळ हिशोब होता. "ने" आणि "ला" हे प्रत्यय तिच्या कानांवर पडत होते, पण वाक्याचा अर्थ ठरवत नव्हते. गोष्ट ऐकून परत सांगायला लावली तेव्हा ती म्हणाली, "तो गेला. मग ते झालं. मग तो आला. संपलं." कोण गेला, काय झालं, कशामुळे झालं, यातलं काहीच नाही. चित्रांचे तुकडे जुळवणं, आकृतिबंध पुढे नेणं यांत मात्र ती वर्गातल्या कुणाहून मागे नव्हती.

निष्कर्ष निघाला: डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, म्हणजे डीएलडी. ऐकू न येणं, बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता असं दुसरं कारण नसताना भाषा समजण्यात आणि वापरण्यात सतत अडचण राहणं आणि ती रोजच्या जगण्यात आडवी येणं. पूर्वी याला वेगवेगळी नावं होती. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकाराने वेगवेगळ्या शाखांतले ५० हून अधिक तज्ज्ञ एकत्र आले आणि २०१६-१७ मध्ये या नावावर व निकषांवर एकमत झालं. इंग्लंडमध्ये शाळेत नुकत्याच दाखल झालेल्या मुलांच्या मोठ्या पाहणीत, २०१६ साली, सुमारे ७ टक्के मुलांमध्ये ही अडचण आढळली. म्हणजे ३० मुलांच्या वर्गात साधारण दोन. तरीही डिस्लेक्सिया आणि स्वमग्नता हे शब्द शिक्षकांच्या तोंडी रुळले आहेत, डीएलडी नाही. मला हे फार खटकतं. ज्या शाळेत एकही डीएलडीचं मूल नोंदलेलं नाही तिथे अशी मुलं नाहीत असं नव्हे, ती "शांत", "लाजाळू", "अभ्यासात बेताची" या नावांखाली बसलेली आहेत.

पालकांच्या भेटीत आईचा पहिला प्रश्न होता, "बाई, घरी तर ही अखंड बडबड करते, मग भाषेची अडचण कशी?" प्रश्न रास्त होता. घरचं बोलणं समोर दिसणाऱ्या वस्तूंबद्दल आणि ओळखीच्या माणसांबद्दल असतं, अर्धा अर्थ परिस्थितीच पुरवते. "ते दे" म्हटलं तरी चालतं. शाळेची भाषा मात्र कधी न पाहिलेल्या गोष्टींबद्दल, लांब वाक्यांत आणि कारण-परिणाम जोडत बोलते. वडिलांनी बराच वेळ गप्प राहून विचारलं, "मॅडम, म्हणजे ती मतिमंद आहे का?" नाही, हे मी स्पष्ट सांगितलं आणि चित्रजुळणीचं तिचं काम दाखवलं. "आम्ही कमी बोलतो तिच्याशी, म्हणून झालं का?" यालाही उत्तर "नाही" असंच होतं. पालक कमी बोलतात म्हणून डीएलडी होत नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो. त्यावर आईने सांगितलं की त्यांचा भाऊही खूप उशिरा बोलायला लागला होता आणि शाळा त्याने मध्येच सोडली.

योजना ठरवताना

बैठकीत दोन सूचना लगेच आल्या. एक, रोज तासभर वर्गाबाहेर नेऊन जादा वाचन घ्यावं. वाचन तिला येतच होतं, आणि ज्या तासाला तिला बाहेर काढणार त्या तासाचा धडाही बुडणार. दुसरी सूचना अशी की एक मदतनीस कायम शेजारी बसवावी. ही ऐकायला मायेची वाटते. पण ब्रिटनमध्ये २००३ ते २००८ या काळात मदतनिसांच्या कामाचा मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं की ज्या मुलांना मदतनिसाचा आधार जास्त मिळाला त्यांची प्रगती त्यांच्याच पातळीच्या इतर मुलांपेक्षा कमी झाली. मदतनीस काम उरकून देतात आणि शिक्षकाचं त्या मुलाशी बोलणं घटतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. आमच्या मुलीकडे तर शेजारणीच्या रूपाने एक बिनपगारी मदतनीस आधीपासून होतीच! दुसरी बसवली असती तर नक्कल तेवढी आणखी सोपी झाली असती. म्हणून मदतीची जागा बदलायची ठरवली. पहिला बदल बाईंच्या बोलण्यात करायचा.

वर्गशिक्षिका अनुभवी आणि मोकळ्या मनाच्या होत्या. त्यांच्या एका तासातल्या सूचना आम्ही दोघींनी लिहून काढल्या आणि एकेक मोडून पाहिली. "उत्तरं लिहिण्याआधी उतारा वाचा" या वाक्यात जे आधी करायचं ते शेवटी येतं. त्याचं झालं "आधी उतारा वाचा. मग उत्तरं लिहा." "वह्या जमा केल्याशिवाय..." याचं झालं "वह्या इथे ठेवा. मग खाली जा." जे आधी करायचं ते आधी बोलायचं, एका दमात एकच सूचना द्यायची आणि बोलताना वस्तूकडे हात करायचा, एवढंच. मग थांबायचं. हे थांबणं बाईंना सगळ्यात जड गेलं. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासात शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एकच सेकंद थांबतात असं आढळलं होतं. तोच वेळ तीन सेकंदांपर्यंत नेला की मुलांची उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. बाई मनातल्या मनात अंक मोजू लागल्या. वर्गाला सुरुवातीला ते विचित्र वाटलं, मग सवय झाली.

शब्दांची तयारी मी घेत होते. पुढच्या धड्यातले चार-पाच शब्द आदल्या दिवशी थोड्या वेळात करायचे. निवड महत्त्वाची. धड्यापुरते येणारे दुर्मीळ शब्द सोडून "कारण", "तुलना", "उरलेले", "वगळता", "परिणाम" असे सगळ्या विषयांत भेटणारे शब्द घेतले. प्रत्येक शब्द टाळ्या वाजवत तोडायचा, म्हणायचा, हाताने करून दाखवायचा, मग स्वतःच्या वाक्यात आणायचा. "वगळता" शिकताना आम्ही टेबलावर पेन्सिली मांडल्या आणि "लाल वगळता सगळ्या उचल" असं एकमेकींना सांगत राहिलो. तिने मला पहिल्यांदा हुकूम सोडला तेव्हा मुद्दाम अवघड सोडला: "लहान वगळता निळ्या उचला, बाई." मी चुकते का हे ती टक लावून बघत होती.

एक गोष्ट मात्र कागदावर छान दिसली आणि वर्गात चालली नाही. तिच्या बाकावर "मला समजलं नाही" असं कार्ड ठेवलं होतं, अडलं की उभं करायचं. ते कधीच उभं राहिलं नाही. तिच्या बाजूने विचार केला तर कारण सरळ आहे. आपल्याला समजलेलं नाही हे कळायला आधी समजणं म्हणजे काय याचा अनुभव हवा. शब्द ओळखीचे वाटले की वाक्य कळलं असं तिला वाटायचं. शिवाय साऱ्या वर्गात असं कार्ड एकटीच्याच बाकावर. म्हणून ते काढून टाकलं आणि बाईंनी सगळ्या वर्गाला नवा खेळ लावला. सूचना दिली की जोडीदाराला ती आपल्या शब्दांत सांगायची, आणि जोडीदाराने "म्हणजे काय करायचं?" असं एकदा तरी विचारायचंच. बाई अधूनमधून मुद्दाम अर्धवट किंवा चुकीची सूचना द्यायच्या, "चौथं पान उघडा आणि... ते करा." ती पकडणाऱ्याला शाबासकी. काही आठवड्यांनी या मुलीने हात वर करून विचारलं, "ते म्हणजे काय, बाई?" बाईंनी त्याच संध्याकाळी मला फोन केला.

गणिताचा प्रश्न

गणितात ती बेरीज-वजाबाकी अचूक करायची, शाब्दिक उदाहरणात मात्र फसायची. "एका मुलीकडे २४ मणी आहेत. तिच्याकडे मैत्रिणीपेक्षा ८ मणी जास्त आहेत. मैत्रिणीकडे किती?" तिने लिहिलं ३२. "जास्त" दिसलं की मिळवायचं, "उरले" दिसलं की वजा, असा नियम तिने स्वतःच बसवला होता. आणि वर्गात खुणेचे शब्द शिकवायची पद्धत असेल तर हा नियम आपणच तिच्या हाती देतो. माझ्या मते ही पद्धत सगळ्याच मुलांसाठी टाकून द्यायला हवी. आम्ही आकड्यांना हात लावण्याआधी दोन पट्ट्या काढायचं ठरवलं: लांब कुणाची, आखूड कुणाची, जास्तीचा तुकडा कुठला. पट्ट्या काढल्या की तिला उत्तर दिसायचंच.

वरच्या वर्गाच्या गणिताच्या सरांचा आक्षेप होता, "परीक्षेत तिला कोण समजावून देणार?" परीक्षेबद्दल आम्ही बराच वाद घातला. जादा वेळ देणं ही सगळ्यात सोपी सवलत, म्हणून तीच आधी दिली जाते. पण ज्या मुलीला प्रश्नच कळत नाही तिला अर्धा तास जास्त दिला तर ती अर्धा तास जास्त गोंधळते. तिला हवी होती ती छोट्या वाक्यांतली प्रश्नपत्रिका, प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती आणि काही उत्तरं तोंडी द्यायची मुभा. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २००६ च्या कराराने शिक्षणात मुलाच्या गरजेनुसार वाजवी फेरबदल करणं बंधनकारक मानलं आहे. प्रश्नाची भाषा सोपी करणं हा तसाच फेरबदल आहे. त्याने गणित सोपं होत नाही. सरांना मी तिच्या पट्ट्या दाखवल्या. त्यांनी तिथल्या तिथे तीन उदाहरणं नव्याने लिहून दिली.

वर्षाअखेर

पोटदुखी दुसऱ्या सत्रात थांबली. सूचना पाळण्यात मोठा फरक पडला, पण तो बाईंच्या तासाला. इतर तासांना, जिथे बोलण्याची पद्धत बदलली नव्हती, तिथे ती अजून शेजारणीकडे बघते. गोष्ट परत सांगण्यासाठी "कोण, कुठे, काय झालं, का, शेवटी काय" अशी चित्रांची पट्टी वापरली. सुरुवातीच्या "तो गेला, मग ते झालं"च्या जागी वर्षाअखेरचा नमुना असा आहे: "मुलगा शाळेतून परत गेला कारण त्याची छत्री राहिली. मग दार बंद होतं. मग त्याने शिपाईकाकांना सांगितलं तर त्यांनी उघडलं." शेवटचं वाक्य व्याकरणाने लंगडतं, पण कोण, काय आणि कशामुळे हे सगळं त्यात आहे.

वाक्प्रचार अजून तिच्या आवाक्याबाहेर आहेत. "कानाडोळा केला" वाचून तिने कान आणि डोळा काढला. नवा शब्द पक्का व्हायला तिला इतरांपेक्षा कितीतरी जास्त वेळा भेटावा लागतो आणि सुट्टीनंतर तो पुन्हा निसटलेला असतो. डीएलडी वयाबरोबर नाहीसा होत नाही. चौथीत विषय वाढतील, शिकवणारे शिक्षकही वाढतील. त्या सगळ्यांसाठी एका पानाचं टिपण केलं आहे: हिच्याशी कसं बोलावं, काय विचारू नये ("समजलं का?" हे नको, कारण ती हो म्हणते) आणि तिला कशाची आवड आहे. वर्गशिक्षिका हे पान हातात घेऊन चौथीच्या बाईंच्या शेजारी एक पूर्ण तास बसणार आहेत, कारण थांबून बोलणं कागद वाचून शिकता येत नाही.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. शब्दांचा सराव करताना एक दिवस तिने विचारलं, "बाई, हे सगळ्यांना एकदाच कळतं, मला का नाही?" तिला ही अडचण नावानिशी सांगावी असं माझं मत आहे. कळत नाही याचं कारण मुलाला दिलं नाही तर ते स्वतःच एक कारण शोधतं, आणि ते "मी ढ आहे" हेच असतं. आईला वाटतं, अजून वर्षभर थांबावं, नाव कळलं की इतर मुलं चिडवतील. त्यांची भीती खोटी नाही. स्पीच थेरपिस्ट पुढच्या तपासणीला येतील तेव्हा आई, वडील, वर्गशिक्षिका आणि मी एकत्र बसून हे ठरवणार आहोत. तोवर तिला एवढंच सांगितलं आहे की तिचे डोळे आणि हात झटपट शिकतात, शब्दांना मात्र तिच्याकडे पोचायला जास्त फेऱ्या लागतात, आणि त्या फेऱ्या आम्ही मारणार आहोत.